विहीणबाईंच्या नाटकातला बटलर

विहीणबाईंनी काही मागावं आणि मुलीच्या बापाने नाही म्हणावं, असं निरगुडकरांच्या घराण्यात कधी झालेलं नव्हतं. पूर्वीच्या विहिणी पैठणी मागत, चांदीचं ताट मागत, जेवायला बसल्यावर मुद्दाम पानात नसलेला पदार्थ मागत. कमलाकर निरगुडकरांच्या विहीणबाईंनी सोफा उचलायला माणूस मागितला. आणि त्या अजून विहीणबाई झालेल्याही नव्हत्या, खरी काळजी तीच होती.

विहीणबाईंचं नाव हेस्टर. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, घरात आफ्रिकान्स बोलणाऱ्या, आता विम्बल्डनला राहणाऱ्या. त्यांचा मुलगा हॅनस आणि कमलाकरांची अक्षया एकाच हॉस्पिटलात फार्मसिस्ट होते. औषधं मोजता मोजता त्यांचं जमलं, दोन्ही घरी कळलं, दोन्ही घरी जेवणंही झाली. अडलं होतं ते तारखेवर. कारण पहिल्याच जेवणाला, वरणभातावर लिंबू पिळता पिळता, हेस्टरबाईंनी शांतपणे सांगून टाकलं होतं, "आधी गर्टचं नाटक. मग लग्न." (बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. पण विहिणीचं बोलणं कमलाकरांच्या कानात शिरायचं ते मराठीतच.)

गर्ट म्हणजे त्यांचे यजमान. केपकडच्या एका शाळेत ते फ्रेंच शिकवायचे. मुलाकडे इंग्लंडात राहायला आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक जुनं फ्रेंच प्रहसन आफ्रिकान्समध्ये उतरवलं, आणि ते रंगमंचावर यायच्या आत, दोन वर्षांपूर्वी, ते गेले. "ते उभं राहिल्याशिवाय मला कुठल्या समारंभात उभं राहवणार नाही," हेस्टरबाई म्हणाल्या होत्या, आणि यावर बोलण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं.

वेम्बलीच्या हॉलवाल्याकडे मात्र होतं. त्याने मे महिन्यातला एक शनिवार नुसत्या शब्दावर धरून ठेवला होता, आणि दर सोमवारी पक्कं ना हे विचारायला त्याचा गुजरातीतून फोन यायचा, "कमलाकरभाई, पाकुं ने?" कमलाकर म्हणायचे, "बस, नाटक झालं की पाकुं." हॉलवाल्याला वाटे, गृहस्थ लग्नाला नाटक म्हणतोय. पोरीच्या बापाला तसं वाटणं साहजिक आहे, म्हणून तो सहानुभूतीने फोन ठेवून देई.

तर सोफा. तो या नाटकाचा होता, हेस्टरबाई ओळखीच्या आफ्रिकान्स मंडळींना घेऊन ते बसवत होत्या. सोफा उचलून झाल्यावर हेस्टरबाई म्हणाल्या, तालमीला जरा दारं धरायला याल का? नेपथ्यात पाच दारं होती. पॅरिसमधला एक गृहस्थ प्रत्येक दारामागे कुणाला ना कुणाला लपवून ठेवतो आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू देत नाही, असं ते प्रहसन होतं. कमलाकरांनी दारं धरली. मग बटलरचं काम करणाऱ्या तरुणाला एडिनबराला नोकरी लागली आणि तो निघून गेला. हेस्टरबाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती दारामागून कमलाकरांवर येऊन थांबली. "तुमचं उभं राहणं फार छान आहे," त्या म्हणाल्या. तीस वर्षं विमानतळावर माल उतरवून घेत उभं राहिलेल्या माणसाचं असं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून "आनंदाने" असा शब्द बाहेर पडला.

बटलरला एकच वाक्य होतं. "मनीर, दी पुलीसी इस हीर." साहेब, पोलीस आलेत. एवढंच.

"हे सगळ्यात वाईट," शशी गुप्ते म्हणाला. शशी तीन घरं पलीकडे राहायचा. हाउन्सलोच्या गणेशोत्सवात त्याने एवढी नाटकं बसवली होती की बरेच लोक आरती झाल्याबरोबर घरी जात. "लांब कामात दोन वाक्यं गेली तर कोणाला पत्ता लागत नाही रे. तुझं एकच आहे. ते गेलं की कामच गेलं. आणि तेही विहिणीसमोर!"

"मग काय करू?"

"अख्खं नाटक पाठ कर. सगळ्यांची वाक्यं. म्हणजे कोण कुठे चुकलं आणि आपण कुठे आहोत ते कळतं. प्रोफेशनल लोक असंच करतात."

शशीने आयुष्यात प्रोफेशनल लोक किती पाहिले होते हा वेगळा विषय. पण घाबरलेला माणूस सल्ला तपासत नाही. पाठांतर ही तर कमलाकरांची घरची गोष्ट. लहानपणी दिवेलागणीला बसून त्यांनी संस्कृत स्तोत्रं पाठ केली होती, पावकी-निमकी पाठ केली होती, आणि यांतल्या कशाचाही अर्थ कळला नाही म्हणून काही अडलं नव्हतं. त्यांनी हेस्टरबाईंकडे संहिता मागितली. पण तालमीत ती वाचायला लागल्यावर सगळ्या अक्षरांचे उच्चार इंग्रजी होऊ लागले, आणि दारामागे लपलेली मंडळी हसत बाहेर येऊ लागली.

तेव्हा हेस्टरबाईंनी पर्समधून एक पेनड्राइव्ह काढला. हातात जरा वेळ धरून ठेवला, मग दिला.

"गर्टने सगळं नाटक वाचून ठेवलंय यात. सगळी कामं, एकट्याने. माझ्याने अजून उघडवलेलं नाही. तुम्ही ऐका."

कमलाकरांनी तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला.

त्या दिवसापासून गर्ट निरगुडकरांच्या घरात राहायला आले. लसूण सोलताना गर्ट, बसच्या वरच्या मजल्यावर गर्ट, पिकॅडिली लाइनच्या भुयारी गाडीत दोन्ही कानांत गर्ट. आफ्रिकान्समध्ये घशातून काढायचा एक ख आहे. तो सकाळी उठून घोटायला लागल्यावर त्यांच्या पत्नी लताबाईंनी तिसऱ्या दिवशी न विचारता हळदीचं दूध आणि मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. पाठांतर मात्र चोख होत होतं. गर्ट जिथे खाकरले तिथे कमलाकर खाकरत. गर्टनी पान उलटलं तिथे ते तेवढंच थांबत. गुरूने म्हटलं तसं म्हणायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही, असंच त्यांना शिकवलेलं होतं.

"हे मध्येच कॉफी काय म्हणालात?" एकदा लताबाईंनी पोळ्या लाटताना विचारलं. दुसऱ्या अंकातलं घरमालकाचं पोलिसांपुढचं लांबलचक भाषण चाललं होतं.

"ते तसंच आहे. 'पोपलाप, वार ब्ले मे कोफी?' मग एक बाई लांबून काहीतरी म्हणते. मग तो कॉफी पितो."

"पोलिसांसमोर?"

"फ्रेंच लोक आहेत. पीत असतील."

तालमीत हा तुकडा कधी आलाच नाही, कारण त्याच्या आधीच फान अडकत. फान म्हणजे नाटकाचे नायक, वय पंचाहत्तरच्या पुढे, व्यवसायाने निवृत्त डेंटिस्ट. दिसायला रुबाबदार, पायघोळ कोट त्यांना शोभायचा, फक्त वाक्यं राहत नव्हती. त्या लांब भाषणात चार ओळी झाल्या की ते छताकडे बघू लागत. हेस्टरबाई "पुढे, पुढे" म्हणून शेवटच्या ओळीवर उडी मारत, फान हायसं वाटून ती म्हणत, आणि सगळे म्हणत, प्रयोगात येईल. जगातल्या सगळ्या हौशी नाट्यसंस्था याच एका वाक्यावर चालतात, हे कमलाकरांना तेव्हा कळलं. 

त्यात नाटकाच्या हॉलचा मॅनेजर. नेपथ्याची पाच दारं पाहून तो गंभीर झाला. आग लागली तर प्रेक्षक यांतल्या एखाद्या दाराकडे धावतील, म्हणाला. हेस्टरबाईंनी दारामागची भिंत दाखवली. "तेच तर," मॅनेजर म्हणाला. शेवटी असं ठरलं की प्रत्येक दारावर 'येथून बाहेर जाता येत नाही' अशी पाटी लावायची, हिरव्या अक्षरांत, मागच्या रांगेतून दिसेल एवढी. ज्या नाटकात माणसं दोन तास याच दारांतून पळत असतात, त्याला ही अट. हेस्टरबाईंनी चार पाट्या ठोकल्या. पाचव्या दाराशी खिळा वाकडा गेला, तेव्हा हातोडी कमलाकरांनीच पुढे होऊन घेतली.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी अक्षयाने बापाला खुर्चीत बसवलं.

"बाबा, ऐक. तू फक्त तुझा लाईन बोलायचा. एक्स्ट्रा काही नाही. प्लीज. हेस्टरसाठी हा नाटक म्हणजे... she's holding on by a thread, बाबा. हॅनस पण खूप टेन्स आहे. काही वाईट झालं तर ती परत सगळं पुढे ढकलेल."

"मी कशाला एक्स्ट्रा बोलतोय?"

"तू लास्ट दिवाळीला भाषण दिलेलास. कोणी सांगितला नव्हता."

हे खरं असल्यामुळे कमलाकर दुखावले. त्या दुखावलेल्या अवस्थेतच त्यांनी मनाशी ठरवलं की मनीर, दी पुलीसी इस हीर, आणि नंतर जीभ टाळूला चिकटवून ठेवायची.

शनिवारी दुपारी हॉल भरला. पुढच्या रांगांत आफ्रिकान्स मंडळी, त्यांतली बरीचशी गर्टना ओळखणारी. मध्ये काही इंग्रज पाहुणे. मागे हाउन्सलोची मराठी मंडळी, ज्यांना एक अक्षरही कळणार नव्हतं पण निरगुडकरांचा बटलर पाहायचा होता. सगळ्यांत पुढे, टोकाच्या खुर्च्यांत, लताबाई आणि अक्षया. हेस्टरबाई पाचव्या दारामागे संहिता घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. तेवढं एक दार नाटकात वापरायचं नव्हतं, ते प्रॉम्प्टरचं होतं. त्यांच्या पायाशी थर्मास होता. काळा ड्रेस, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलबाहेर बसलेल्या आईचं भय.

पहिला अंक पार पडला. पाट्यांनी तर कमालच केली. फान घाबरून 'येथून बाहेर जाता येत नाही' अशा दारातून बाहेर गेले की इंग्रज पाहुणे पोट धरून हसत होते. मध्यंतरात शशी आत येऊन सांगून गेला की तू उभा फार छान राहतोस.

दुसरा अंक. कमलाकर ट्रे घेऊन आत गेले.  समोर फान, आणि बाहेर विंगेत इन्स्पेक्टरच्या टोपीत उभा असलेला त्यांचा होणारा जावई. "मनीर," ते म्हणाले, "दी पुलीसी इस हीर." खणखणीत. ख नसलेलं वाक्य असूनही घशातून. मागून हाउन्सलोने टाळ्या वाजवल्या. कमलाकरांचं काम झालं होतं. आता भाषण संपेपर्यंत ट्रे धरून उभं राहायचं, बस.

हॅनस आत आला. फान त्याच्याकडे वळले, कोटाची बटणं लावली, घरात कोणीही नाही हे सिद्ध करणारं ते भाषण सुरू केलं, चार ओळी म्हटल्या आणि छताकडे बघितलं.

पाचव्या दारामागून हेस्टरबाईंचा आवाज आला. फाननी मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पुढच्या रांगेला ऐकू गेलं, फानना नाही. "पुढे" म्हणून शेवटच्या ओळीवर उडी मारली, तीही फानना आठवेना. त्यांचा रुबाबदार चेहरा पांढरा पडत चालला. कोणीतरी खोकलं. अक्षयाने दोन्ही हात तोंडावर नेले. दारामागे संहितेची पानं उलटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

दोन वर्षं धरून ठेवलेली गोष्ट इथे, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या ट्रेपासून हातभर अंतरावर संपते आहे, हे कमलाकरांना दिसलं. एक्स्ट्रा बोलायचं नाही. जीभ टाळूला चिकटवलेली होती. पण पुढची ओळ तर त्यांना येत होती.

ते एक पाऊल पुढे आले, फानच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि साहेबांच्या वतीने बटलरनेच बोलायला सुरुवात केली.

गर्टच्या चालीत. गर्टच्या गतीने. एका श्वासात तीन ओळी, मग खाकरणं, मग पान उलटण्याएवढी विश्रांती. आपण काय बोलतोय याचा त्यांना गंधही नव्हता, आणि म्हणूनच अडत नव्हते. प्रेक्षक आधी हसले. मग पुढच्या रांगांतलं हसू हळूहळू कमी झालं. एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीचा हात धरला. हॅनसने डोक्यावरची टोपी काढली होती. नाटकात ती काढायची नव्हती.

कमलाकरांना वाटलं, चुकतंय काहीतरी. पण स्तोत्र मध्ये सोडायचं नसतं. ते भाषणाच्या मध्यावर आले, मान जराशी मागे वळवून, गर्टनी वळवली असावी तशी, म्हणाले,

"पोपलाप, वार ब्ले मे कोफी?"

पोपलाप, माझ्या कॉफीचं काय झालं?

आणि थांबले. इथे त्या बाईंचं वाक्य होतं. दुसऱ्याचं वाक्य आपण म्हणायचं नसतं, एवढी शिस्त त्यांना होती.

हॉलमध्ये शांतता झाली.  हॅनसच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून कमलाकरांना सगळं एकदम कळलं. नाटकात कॉफी नव्हती. बाई नव्हती. गर्ट वाचता वाचता थांबले होते आणि लाडाने पोपलाप म्हणत बायकोकडे कॉफी मागितली होती, आणि आपण, मूर्खासारखे, एका मेलेल्या माणसाची घरातली हाक दोनशे माणसांसमोर मारून बसलो होतो.  ट्रेवरचे कप किणकिणले. संपलं. मे महिना संपला, वेम्बली संपली, पोरीचं लग्न आपल्या तोंडाने मोडलं.

पाचवं दार हललं.

हेस्टरबाई आत आल्या. डोळ्यांवर चष्मा, हातात थर्मासचं झाकण, त्यात वाफाळती कॉफी. त्या प्रेक्षकांकडे बघत नव्हत्या.

"एक कोम," त्या म्हणाल्या. "एक कोम, एक कोम." आले, आले.

अगदी तेच शब्द. लांबून ऐकलेले, लसूण सोलताना शेकडो वेळा ऐकलेले. कमलाकरांच्या हातात त्यांनी झाकण दिलं. पुढे काय होतं ते कमलाकरांना पाठ होतं. त्यांनी एक भुरका मारला, मोठा, आवाज करणारा, आणि आभार मानत म्हणाले, "दांकी, पोपलाप." मग उरलेलं भाषण म्हटलं, शेवटपर्यंत, खाकरण्यासकट. शेवटची ओळ फानना आठवली. ती त्यांनी स्वतः म्हटली आणि अंक पडला.

टाळ्या किती वेळ चालल्या ते कमलाकरांना माहीत नाही. ते विंगेत एका खोक्यावर बसून माफीची वाक्यं जुळवत होते.

हेस्टरबाई आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले. "मला कळलं नाही हो. मला वाटलं नाटकच आहे ते. मी सगळंच पाठ केलं."

"मी दोन वर्षं ते उघडलं नाही," हेस्टरबाई म्हणाल्या. "त्याचा आवाज ऐकवणार नाही म्हणून नव्हे. त्यात नुसतं नाटकच असेल, माझ्याशी बोललेला एक शब्दही नसेल, याची भीती वाटायची."

त्या रडत होत्या आणि ते लपवत नव्हत्या. कमलाकरही रडले. बटलरचे पांढरे हातमोजे डोळे पुसायला बरे पडतात.

"अजून काही आहे?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या अंकात दोनदा शिंकलेत. आणि सगळं संपल्यावर एक वाक्य आहे. मला वाटलं, नाटकाचं तात्पर्य असेल." आणि त्यांनी ते तात्पर्य म्हणून दाखवलं, हात जोडून, स्पष्ट उच्चारांत.

 हेस्टरबाई भिंतीला टेकून, पोटावर हात धरून हसायला लागल्या. हॅनस धावत आला, त्याला त्यांनी ते वाक्य सांगितलं, तोही हसत खाली बसला. त्याच्यामागून आलेल्या अक्षयाने त्याच्याकडून अर्थ काढून वडिलांना मराठीत सांगितला. गर्ट म्हणाले होते, "पोपलाप, काहीही कर, पण मुख्य काम त्या डेंटिस्टला देऊ नकोस. त्याच्या काही म्हणता काही लक्षात राहत नाही."

"कोण बोललं हे?" कोपऱ्यात तिसऱ्या अंकासाठी मिशी चिकटवत बसलेल्या फाननी विचारलं. हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं होतं.

तिसरा अंकही पार पडला. सोमवारी हॉलवाल्याचा फोन आला आणि कमलाकर म्हणाले, "पाकुं." पण विहीणबाई शेवटी विहीणबाईच. त्यांनी एक मागणं घातलंच. अंतरपाट धरतात तेव्हा म्हणायचे जे श्लोक असतात, ते त्यांना स्वतः म्हणायचे होते. अर्थ आधी नको, म्हणाल्या. मीही तुमच्यासारखं ऐकून पाठ करीन. तुम्ही म्हणून रेकॉर्ड करून द्या.

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. कमलाकर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, समोर फोन ठेवला, घसा साफ केला आणि मंगलाष्टकं सुरू केली. चौथ्या कडव्याला घसा सुकला.

"लता, चहा कुठंय गं?" ते सवयीने म्हणाले.

"उठून घ्या की," बाथरूममधून आवाज आला. "हात मोडलेत का?"

कमलाकरांनी रेकॉर्डिंग बंद करायला बोट पुढे केलं. फोनकडे क्षणभर बघितलं, बोट मागे घेतलं, आणि पाचवं कडवं म्हणायला सुरुवात केली.